दोन पाट्या, सव्वीस शब्द

१

“गंगाधरपंत, आधी तो दरवाजा लावा आणि मग इकडे या!”

शरच्चंद्र मास्तर एरवी इतकं हळू बोलतात की त्यांना दोनदा विचारावं लागतं. ते ओरडले म्हणजे काहीतरी भलतंच झालं असणार. दाराला टेकवलेला दगड मी पायानं सरकवला, दरवाजा लावला, कडी घातली आणि धावतच टेबलापाशी गेलो.

टेबलावर दोन पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. मास्तरांचं बोट एकीवरून दुसरीवर जात होतं. “हा इथला पहिला शब्द वाचा. आता तिथला पहिला. हा दुसरा. आता तिथला दुसरा.”

मी वाचत गेलो आणि पाच-सहा शब्दांतच माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही पाट्यांवर तेच शब्द होते, त्याच क्रमानं, पहिल्यापासून शेवटापर्यंत.

साल १९३६, कोजागरीचा दिवस, आणि मी लोणावळ्याच्या आमच्या वाचनालयाचा चिटणीस. त्या सकाळी आम्ही बायकांची शब्द जुळवण्याची चढाओढ ठेवली होती. खेळ सोपा आहे. फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहायचा आणि त्याची अक्षरं घेऊन लहान लहान शब्द करायचे. काना-मात्रा हलवायची नाही आणि अक्षर जितक्यांदा फळ्यावर आहे त्याहून जास्त वेळा घ्यायचं नाही. एवढंच. पण हा खेळ एकदा डोक्यात शिरला की माणूस कामातून जातो. मी स्वतः आंघोळीच्या वेळी गावांची नावं फोडत बसतो आणि पाणी गार होऊन जातं.

मास्तरांनी काढलेला शब्द होता ‘गडकोटदरवाजा’. आठ अक्षरं. तो फळ्यावर आला तेव्हा सतरंजीवर बसलेल्या तीसेक बायकांच्या पेन्सिली अशा कुरकुरायला लागल्या की माझ्या अंगावर काटा आला.

आता त्या दोन पाट्यांवर काय होतं ते सांगतो: दरवाजा, वाजा, कोजागर, जागर, जाग, गवार, वागर, गवा, रवा, दवा, रजा, वाट, वाद, वार, कोरड, कोर, कोड, कोट, दरड, दर, गडद, गड, डग, गट, गर, जाड. मोजा हवं तर. सव्वीस. तिसऱ्या नंबराच्या बाईची मजल एकोणिसापर्यंतच गेली होती.

“कुणाच्या आहेत?” मी विचारलं.

“एक माझ्या भाचीची, चंद्रिकेची,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी दुसरी पाटी दोन बोटांनी उचलली. “आणि ही इंदुरीच्या त्या मुक्ताबाईची. कुणी कुणाची चोरली, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?”

तेवढ्यात कडी वाजली. मी दार उघडलं. बाहेर कस्तुराबाई उभ्या होत्या, आणि त्यांनी शेवटचं वाक्य नीट ऐकलेलं होतं.

२

कस्तुराबाई म्हणजे बक्षीस देणाऱ्या बाई. तुंगार्लीला त्यांचा बंगला आहे. वय साठीच्या पुढे, नाकावर माशी बसू देत नाहीत. त्यांचं बक्षीस म्हणजे चांदीचं भांडं किंवा पैठणी असलं काही नव्हतं. जिंकणाऱ्या बाईनं पुण्याला एका संस्थेत राहून शिकायचं, शिक्षिका होऊन बाहेर पडायचं आणि तोवरचा सगळा भार कस्तुराबाई उचलणार.

“मी तीनच्या गाडीनं मुंबईला जाणार आहे,” त्या म्हणाल्या. “तोवर चोर कोण ते मला कळलं पाहिजे. नाही कळलं तर ही जागा कुणालाच नाही. ह्या वर्षीही नाही आणि पुढेही नाही.”

हे बक्षीस ठेवावं म्हणून वर्षभर कस्तुराबाईंच्या मागे लागली होती ती इंदिरा, म्हणजे माझी बायको. महिला मंडळही तिनंच काढलेलं. त्याचे नियमही तिचेच. त्यातला एक असा की बाईचं नाव लिहायचं ते तिचं आणि तिच्या गावाचं. पुढे नवऱ्याची शेपटी लावायची नाही. मास्तरांना तो नियम मुळीच पसंत नव्हता.

मी इंदिरेला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. तिचे डोळे चमकले! आमच्या घरात काहीही हरवलं की तिचे डोळे असेच चमकतात आणि तासाभरात ती वस्तू हातात येते, बहुधा माझ्याच कोटाच्या खिशातून.

“अहो, कागद नाही म्हणून बरं आहे,” ती पाट्यांवर वाकून म्हणाली.

“बरं कसलं? कागदावर खाडाखोड तरी दिसली असती. पाटीवर बोळा फिरवला की पुरावा गेला.”

“तेच म्हणते मी. बोळा फिरवल्यावर काय गेलं, तेच बघायला हवं.” आणि तिनं मागे वळून हाक मारली, “यमुनाबाई, बाकीच्या पाट्या पुसू नका हं! सगळ्या इथे आणून ठेवा.”

इथे थोडा खुलासा करायला हवा. आमच्या वाचनालयात झाडलोट करते ती गंगूबाई. सबंध लोणावळ्यात तिला गंगूबाई म्हणतात. इंदिरा तेवढी यमुनाबाई म्हणते आणि गंगूबाईही निमूट ओ देते. इंदिरेला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, असं माझं फार दिवसांचं मत होतं.

गंगूबाईनं पाट्या आणल्या आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, “बाई, पाट्या मीच वाटल्या, मीच गोळा केल्या. पर मधी ते माकड आलं ना, तवा कोण कुटं व्हतं ते देवाला ठावं.”

माकड! गडबडीत मी ते विसरलोच होतो. चढाओढ निम्म्यावर आलेली असताना खिडकीतून एक थोराड माकड आत आलं होतं आणि बायकांना वाटायला आणलेला चिक्कीचा डबा घेऊन अंगणातल्या आंब्यावर जाऊन बसलं होतं. सगळी सभा पाट्या तिथेच टाकून बाहेर धावली. मी आणि मास्तरही धावलो. चांगला पाव तास हा गोंधळ चालला होता.

“त्या इंदुरीवालीनं दगड उचलला तवा कुटं ते डबा टाकून पळालं,” गंगूबाई म्हणाली.

“आणि मग?” मास्तर पुढे सरसावले. “मग सगळ्यांत आधी आत कोण गेलं? सांग ना!”

गंगूबाई घुटमळली. इंदिरेकडे बघत हळूच म्हणाली, “तीच गेली. इंदुरीवालीच.”

३

मुक्ताबाई आत आली ती दाराशीच थांबली. पंचविशीची असेल. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, बोटांना अजून पाटीची पांढरी भुकटी लागलेली.

“बसा, मुक्ताबाई,” इंदिरा म्हणाली. “माकड आलं तेव्हा तुमचे किती शब्द झाले होते?”

“समदे झाल्ते, बाई. मी तर पाटी पालथी घालून बसलेवते.”

“इतक्या लवकर?” मास्तर गरजले. “आणि कोजागर? तो शब्द तुला कुठून सुचला?”

मुक्ताबाईला बहुधा प्रश्नच कळला नसावा. “आज कोजागिरीच हाये की, मास्तर. रातच्याला देवळात जागर हाये. डोळ्याम्होरं जागर दिसला, त्याला ‘को’ जोडला.”

मला हसू आलं. मास्तरांना आलं नाही.

“लिहायला कुणी शिकवलं तुम्हाला?” इंदिरेनं विचारलं.

आता तिचा चेहरा उजळला. “मालकांनी. ते रेल्वेच्या गँगमधी व्हते. रोज ठेसनाच्या पाट्या बघायचे आन् रातच्याला जेवताना मला अक्षरं सांगायचे. कामशेत म्हणलं की मी म्हणायची काम, शेत, मत, कात. लय खेळायचो आमी. मग घाटात काम करताना धोंडा निसटला आन् त्यांच्या पायावर आला. आता वडगावच्या फाटकावर बसत्यात. आज पाळी हाये त्यांची, न्हाईतर आले असते.”

“आणि माकडाला तुम्हीच हाकललं म्हणे.”

“धोंडा नुसता उचलून दावला, बाई. मारला न्हाई. मुक्या जिवाला कशाला मारायचं?”

“मग सगळ्यांच्या आधी आत का आलात?”

ती म्हणाली, “पाटीसाठी आले. कुणी पाय दिला तर पुसंल म्हणून जीव वरखाली व्हत व्हता. मामंजींनी सांगितलंय, जिकलीस तर पुण्याला जा, मी आडवा येनार न्हाई. न्हाई जिकलीस तर पुना पाटी हातात धरायची न्हाई.” आणि एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “नुसतं हरले असते तर गप घरी गेले असते. पर चोर म्हणून कशी जाऊ? त्यांनी शिकिवलेल्या अक्षरांनी मी चोरी करीन व्हय?”

मी मान फिरवली. मला असलं बघवत नाही. माझं मन तिथल्या तिथे तिच्या बाजूनं झालं होतं. पण कस्तुराबाईंच्या घड्याळाला माझ्या मनाशी काय करायचं होतं? दोन वाजून गेले होते.

इंदिरा मात्र रडणाऱ्या मुक्ताबाईकडे बघून, शपथेवर सांगतो, हसत होती.

४

चंद्रिका आली ती ताठ मानेनं आली. अठरा वर्षांची, इंग्रजी शाळेत शिकलेली, पाटीवरचं अक्षर छापल्यासारखं. आईवडील नाहीत म्हणून मास्तरांकडे राहते.

“मी माझे शब्द स्वतः काढले,” विचारायच्या आधीच ती म्हणाली.

“माकड आलं तेव्हा तू कुठे होतीस?”

“मागच्या व्हरांड्यात. मला माकडांची भीती वाटते.”

“वागर म्हणजे काय गं?”

“जाळं. शिकारी लावतात ते. हरिविजयात वाचलाय,” ती फाडकन म्हणाली. मास्तरांनी अभिमानानं माझ्याकडे पाहिलं.

“छान. आणि हे बक्षीस तुला कशाला हवं?”

एवढ्या साध्या प्रश्नाला ती अडखळली. तिनं एकदा मामांकडे पाहिलं आणि खाली बघून म्हणाली, “शिकायचंय म्हणून.”

ती गेल्यावर इंदिरा मास्तरांकडे वळली. “मास्तर, रागावू नका. शब्द तुम्ही काढलात, आणि भाची तुमच्याच घरात राहते. लोक म्हणणार की शब्द आधीच फुटला.”

मास्तर लालबुंद झाले. “मी? मी माझ्या घरातल्या भिंतींनासुद्धा तो शब्द ऐकू दिला नाही!”

“माझाही तसाच समज आहे. फक्त एक सांगा. तुम्ही स्वतः जे शब्द काढून ठेवले होते, त्यात ह्या सव्वीसांतले सगळे होते?”

मास्तरांनी पाटीवरून नजर फिरवली आणि नाइलाजानं म्हणाले, “वागर नव्हता. तो मला सुचला नाही.”

“आणि तुमच्याकडे होता पण ह्या पाट्यांवर नाही, असा एखादा?”

“असतीलच दोन-चार. ते कशाला बघायचं? आहेत ते बरोबर आहेत की नाहीत, एवढंच परीक्षक बघतो.”

“तिथेच चुकलं आपलं,” इंदिरा म्हणाली. ती गंगूबाईनं आणलेल्या पाट्यांपुढे मांडी घालून बसली आणि एकेक उचलायला लागली. पहिली पाहून खाली ठेवली. दुसरी पाहून खाली ठेवली. मग तिचा वेग वाढला. ज्या बाईनं सगळा वेळ शेजारणीशी बोलण्यात घालवून पाचच शब्द लिहिले होते, तिची पाटी बघितल्यावर तर इंदिरेनं टाळी वाजवली.

“अहो!” तिनं मला हाक मारली. तिचे गाल लाल झाले होते. “सापडला!”

“कोण? चोर?”

“शब्द! सगळ्या पाट्यांवर आहे. फक्त त्या दोन पाट्यांवर नाही. अहो, त्या दोघींना बोलवा, सगळ्या बायकांनाही आत घ्या. आणि दरवाजाला लावतो ना आपण, ते तेवढं उचलून आणा.”

“ते म्हणजे?”

“तो दगड हो!”

५

मी दगड उचलून आणला. चांगला वजनदार होता. कस्तुराबाईंनी जायची तयारी केलेली, टांगा बाहेर उभा, आणि मी चिटणीस असून दोन्ही हातांत दगड घेऊन सभेत शिरलो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तो टेबलावर ठेवला.

“कस्तुराबाई,” इंदिरा म्हणाली, आणि तिचा आवाज उत्साहानं नुसता कापत होता, “ह्या पाटीवरचे शब्द नीट बघा. गवार लिहिल्यावर पुढचा शब्द वागर. तीच तीन अक्षरं, फिरवलेली. गड लिहिल्यावर पुढचा डग. तीच दोन, फिरवलेली. म्हणजे हे शब्द जिनं काढले, ती अक्षरं हातातल्या बांगड्यांसारखी फिरवत होती. आता त्या गडच्या आधीचा बघा. गडद. ग, ड आणि द. हीच तीन अक्षरं फिरवली की कुठला शब्द होतो?”

तीसेक बायका एकदम ओरडल्या, “दगड!”

“दगड! फळ्यावर शब्द आला तसा सगळ्यांना आधी हाच दिसला. ज्यांचे पाच शब्द झाले त्यांच्याही पाटीवर तो आहे. मग जिला वागर सुचला, कोजागर सुचला, गडद सुचला, तिला दगड सुचला नाही? हे शक्यच नाही. तिनं तो मुद्दाम सोडला. आणि जिनं चोरले, तिनं ह्या पाटीवरून जसंच्या तसं उतरवलं, म्हणून तिच्याकडेही तो नाही. मास्तरांकडून शब्द फुटले असते तर दगडही आला असता. तेव्हा प्रश्न एकच. दगड मुद्दाम सोडणारी कोण?”

मास्तर पुटपुटले, “शब्द कोण कशाला सोडेल? वेडगळपणा आहे.” खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

“चंद्रिके, पुढे ये. टेबलावर काय आहे?”

चंद्रिकेचा चेहरा पांढरा पडला होता. “दगड,” ती म्हणाली.

“मुक्ताबाई, तुम्ही या. हे काय आहे?”

मुक्ताबाईनं टेबलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “धोंडा हाये.”

“आणखी काय म्हणतात ह्याला?”

“गोटा.”

“आणखी?”

“खडक... पाषाण म्हणत्यात पोथीत.”

मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. मला काहीच कळेना.

“आणखी एक शब्द आहे, मुक्ताबाई. अगदी साधा.”

मुक्ताबाईनं पदर ओढून तोंड झाकलं. कान मात्र लाल झालेले दिसत होते.

“अगं, दगड म्हण ना, दगड!” मास्तर टेबलावर मूठ आपटून ओरडले. “साधा तीन अक्षरी शब्द तोंडातून निघत नाही, आणि म्हणे सव्वीस शब्द काढले!”

आणि सगळ्या सभेत हसण्याचा असा कल्लोळ उडाला की बाहेर टांग्याचा घोडा बिचकला. “अगंबाई!” “कळलं गं बाई, कळलं!” बायका एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारत होत्या. गंगूबाई तर डोळे पुसत होती. खुद्द कस्तुराबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्या सगळ्यांना उत्तर कळलं होतं, आणि वाचनालयाचा चिटणीस नि परीक्षक असे आम्ही दोघे शहाणे तेवढे दगडाच्या दोन बाजूंना दगडासारखे उभे होतो.

“ह्यांच्या मालकांचं नाव मला कुणी सांगितलेलं नाही,” इंदिरा म्हणाली. “पण सकाळपासून ही बाई माकडाला धोंडा दाखवते, मालकांच्या पायावर धोंडा पडतो; दगड म्हणून तिच्या तोंडी येत नाही. जे तोंडानं घ्यायचं नाही ते पाटीवर तरी कसं लिहील? मी पैज लावते...”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच दारात काठीचा आवाज झाला. निळा रेल्वेचा सदरा घातलेला एक माणूस लंगडत उंबऱ्याशी आला आणि एवढ्या बायका बघून तिथेच थबकला.

“माफ करा. पाळी संपली तसा पुण्याकडच्या गाडीनं आलो. आमची मंडळी हितं आलीया, इंदुरीची. झालं का खेळाचं?”

“नाव काय तुमचं?” मी जवळजवळ ओरडलोच.

तो दचकला. “माझं? दगडू.”

६

ह्यापुढे काही वेळ काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण कुणाचं काही ऐकूच येत नव्हतं. दगडूला वाटलं, आपण काही गुन्हा केला. तो घाबरून टोपी काढून उभा राहिला. शेवटी गंगूबाईनं त्याला कोपऱ्यात नेऊन सगळं समजावलं.

आणि त्या गलक्यात माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

“इंदिरे,” मी म्हणालो, “म्हणजे तू ह्या गंगूबाईला यमुनाबाई म्हणतेस ते...”

“आत्ता कळलं?” ती म्हणाली. “लग्नाला सहा वर्षं झाली की हो! मंडळाचे नियम मी काढले, पण जीभ आईनं वळवलेली आहे. म्हणून तर कळलं मला.”

मी गंगाधर, आणि मी सहा वर्षं समजत होतो की हिला नावं लक्षात राहत नाहीत! पुन्हा हशा उठला, आणि ह्या खेपेला तो माझ्यावर होता.

हसणं थांबलं ते चंद्रिकेच्या हुंदक्यानं. ती खाली बसली होती. “माझ्या पाटीवर पहिला शब्द दगडच होता,” ती म्हणाली. “माझे अकरा झाले होते. सगळे बाहेर धावले आणि हिची पाटी पालथी दिसली. मी उलटून बघितली. इतके शब्द बघून माझा धीरच सुटला. माझे सगळे पुसले आणि दिसले तसे भराभर उतरवले. माझा दगड त्यात पुसला गेला, हे कळलंसुद्धा नाही.”

“पण का?” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी नेहमीसारखा बारीक झाला होता.

“मामा, तुम्ही विचारता? मार्गशीर्षात तुम्ही मला त्या कल्याणच्या बिजवराला देणार आहात. त्याची मुलगी माझ्याएवढी आहे. ही जागा मिळाली असती तर मी पुण्याला गेले असते.” ती उठली आणि मुक्ताबाईपुढे जाऊन उभी राहिली. “मी तुम्हाला चोर ठरू देणार होते. बोलणार नव्हते मी. मला माफ करू नका.”

मुक्ताबाईनं तिचा हात धरला. बराच वेळ तो सोडला नाही.

कस्तुराबाई कठोर बाई. त्यांनी चंद्रिकेला सगळ्यांसमोर सुनावलं की पुढची दोन वर्षं तिला ह्या चढाओढीत बसता येणार नाही. मग त्या मास्तरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तिसऱ्या वर्षी मात्र ही मला इथे हवी, आणि कुमारिका म्हणून हवी. ऐकलंत?” तीसेक बायकांनीही ते ऐकलं होतं, आणि मास्तरांना लोणावळ्यातच राहायचं होतं. त्या मार्गशीर्षात लग्न झालं नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

टांगेवाला घाई करत होता. कस्तुराबाई उठल्या, पण दाराशी जाऊन थांबल्या. “मुक्ता, इकडे ये. जागा तुझी. पण माझी एक शंका आहे. उद्या तू वर्गात उभी राहणार. पोरं पाटी-पेन्सिल घेऊन पुढे बसलेली. ‘अ’ अननसाचा, ‘क’ कमळाचा म्हणता म्हणता तू ‘द’वर येणार. पोरांना काय सांगशील? ‘द’ कशाचा?”

मी इंदिरेकडे पाहिलं. तिची नजर मुक्ताबाईवर होती. दगडू काठीवर रेलून, डोळे बारीक करून बायकोकडे बघत होता. त्यानंच तर शिकवलं होतं तिला ते अक्षर. कुठल्या शब्दानं शिकवलं असेल, देव जाणे!

मुक्ताबाईनं फळ्याकडे पाहिलं. तिथे मास्तरांच्या अक्षरात अजून तो लांबलचक शब्द होता. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“द दरवाजाचा.”

सगळ्यांत मोठ्यानं हसला तो दगडू.